काव, चुना आणि हॉटेलची भिंत

गोव्यातल्या मोठ्या हॉटेलात आपण गोवेकर राहायला सहसा जात नाही. जातो ते कुणाच्या लग्नाच्या स्वागत समारंभाला, नाहीतर बाहेरगावच्या पाहुण्यांना आणायला. मग दालनात कोचावर बसून वाट पाहायची आणि समोरची भिंत न्याहाळायची. अलीकडे त्या भिंतीवर काय दिसते, हे आम्ही मुद्दाम पाहू लागलो आहोत. कुठे निळ्या फरशांवर गलबत असते, कुठे पाव विकणारा पोदेर सायकलवरून चाललेला असतो, आणि गेल्या काही वर्षांत क्वचित कुठे तांबड्या जमिनीवर पांढऱ्या रेषांचा मोर, कमळाची वेल, तुळशीवृंदावन. मोराजवळ उभे राहून पर्यटक फोटो काढून घेतात. तो मोर आमच्या ओळखीचा असतो. आमच्या गावच्या देवळाच्या मंडपात तो होता. तो तिथून इथे कसा आला आणि मध्ये काय काय झाले, ते यंदाच्या अंकात सांगावेसे वाटते.

आधी हॉटेलांकडे पाहू. गोव्यात पर्यटनाचा धंदा तसा जुना नाही. पणजीत मांडवीच्या काठावरचे 'मांडवी' हॉटेल १९५२ साली उघडले. सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्या मृत्यूला ४०० वर्षे झाली म्हणून त्या वर्षी शवप्रदर्शन होते, आणि येणाऱ्या पाहुण्यांची सोय हवी होती. १९६१च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला. १९७४ साली शिकेरीच्या किनाऱ्यावर आग्वादच्या किल्ल्यालगत ताजचे हॉटेल आले. १९८३च्या नोव्हेंबरात राष्ट्रकुलाचे राष्ट्रप्रमुख दिल्लीची परिषद मध्येच थांबवून विश्रांतीसाठी गोव्यात आले, आणि गोव्याचा किनारा साऱ्या जगाच्या वर्तमानपत्रांत झळकला. त्यानंतर हॉटेले वाढतच गेली.

ही हॉटेले कुठे उभी राहिली, हे नकाशात पाहण्यासारखे आहे. तिसवाडी, बार्देश आणि साष्टी, म्हणजे जुन्या काबिजादी. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात घेतलेला हा मुलूख. इथली देवळे त्याच शतकात मोडली गेली आणि देव खाडीपार गेले. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा, सांगे, केपे, काणकोण या नव्या काबिजादी पोर्तुगीजांकडे आल्या त्या अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. तोवर धर्मांतराचा जोर ओसरला होता. म्हणून देवळे तिथे टिकली, आणि देवळांच्या भिंती टिकल्या. सुरुवातीची मोठी हॉटेले झाली किनाऱ्यावर, जुन्या काबिजादींत. त्यामुळे त्यांच्या भिंतींवर जो गोवा उतरला, तो समोर दिसणारा गोवा होता: चर्चचे पांढरे दर्शनी भाग, पोर्तुगीज धाटणीची घरे, ताडमाड आणि समुद्र. त्यात खोटे काही नव्हते. पण ते अर्धे होते.

निळ्या फरशांचीच गोष्ट घ्या. पणजीत आझाद मैदानाजवळच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात भिंतभर निळ्या-पांढऱ्या फरशा आहेत. कामोंइश या पोर्तुगीज कवीच्या 'लुझियाद' महाकाव्यातली दृश्ये त्यांवर आहेत. जॉर्ज कुलासो या पोर्तुगीज चित्रकाराने १९३५ साली ती केली. आज गोव्यातल्या किती तरी हॉटेलांत आणि घरांच्या फाटकांवर या जातीच्या फरशा दिसतात. त्या आता इथेच रंगवल्या आणि भाजल्या जातात. फरशीला पोर्तुगीज 'अझुलेजु' म्हणतात, पण तो शब्द मूळचा अरबी, आणि ही कलाही पोर्तुगालला मुसलमानी राजवटीकडून मिळाली. म्हणजे पाहुण्याला आपण 'खास गोव्याची' म्हणून जी फरशी दाखवतो, ती निदान तीन घरे फिरून आलेली आहे.

हॉटेलची भिंत गोव्याच्या माणसांनी मनापासून हाताळली ती दोनापावलजवळ वायंगिणीच्या किनाऱ्यावरच्या 'सिदाद द गोवा'त. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया. त्यांचा जन्म सिकंदराबादचा, घराणे गोव्याचे. 'सिदाद' म्हणजे शहर. कोरियांनी हॉटेलला खरोखरच एका छोट्या गावाचे रूप दिले: वळणे, चौक, कमानी. आणि भिंतींवर रंगवलेल्या खिडक्या, रंगवलेल्या कमानी, रंगवलेली माणसे. खरी कमान कुठे संपते आणि रंगातली कुठे सुरू होते, ते चार पावले पुढे गेल्याशिवाय कळत नाही. हाच खेळ कोरियांनी पणजीच्या कला अकादमीत नेला. मास्टर दीनानाथ मंगेशकर नाट्यगृहाच्या बाजूच्या भिंतींवर जुन्या नाट्यगृहाचे सज्जे रंगवलेले, आणि त्यांत नाटक पाहायला बसलेली गोव्याची माणसे. ती माणसे मारियो मिरांडांची. नाटक सुरू होण्याआधी आपल्यापैकी किती जणांनी लहानपणी ती बोट दाखवून मोजली असतील!

मारियोंचा जन्म १९२६ सालचा दमणचा, घर लोटलीचे. त्यांचा भाटकार, त्यांची मासळीवाली, त्यांचा व्हायोलिनवाला, घराच्या सोप्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांवर नजर ठेवणारी म्हातारी, ही सगळी आज गोव्याची ओळख झाली आहेत. हॉटेले, उपाहारगृहे, चहाचे कप, पिशव्या, कुठेही पाहा. मारियोंनी हे केले ते प्रेमाने आणि बारीक नजरेने. पण त्यांच्या चित्रांतला गोवा मुख्यतः त्यांना घरातून ठाऊक असलेला, साष्टीचा. पेडण्याचा दशावतार, सत्तरीचे रान, धालोच्या मांडावर फेर धरणाऱ्या बाया हॉटेलच्या भिंतीवर आल्या नाहीत, हा दोष मारियोंचा नव्हे. ज्यांच्या घरात ते होते, त्यांनी ते मांडायला हवे होते.

मांडण्यासारखे काय होते? कावीचे काम होते.

काव म्हणजे तांबडी माती. गणेशचतुर्थीच्या आधी घराच्या भिंतीला खालून हातभर कावेचा पट्टा द्यायची पद्धत आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. देवळाच्या भिंतीवरचे कावीकाम त्याच मातीचे, पण फार कष्टाचे. चुना तिसऱ्या-शिंपल्यांचा भाजलेला. त्यात नदीची वाळू आणि गूळ घालून तो दिवसचे दिवस मुरवत ठेवायचा, मग कुटून लोण्यासारखा मऊ करायचा. त्याचा गिलावा भिंतीला चढवायचा. वर कावेचा पातळ थर देऊन घोटायचा. थर ओला असतानाच लोखंडी काट्याने आणि कंपासाने आकृती कोरायची, आणि नको तिथली काव खरवडून काढायची. खरवडले की खालचा पांढरा चुना उघडा पडतो. हात चुकला तर पुसता येत नाही. काम झाल्यावर पुढे काही दिवस भिंतीला पाणी द्यायचे. कुंचला नाही, तिसरा रंग नाही. ही भिंत आमच्या पावसाळ्यांपुढे शंभर-शंभर वर्षे टिकली.

मोरजीच्या मोरजाई देवळात आणि अडवलपालच्या शर्वाणी देवळात हे काम आहे. खाली कारवारकडे गोकर्ण, अंकोला, कुमठ्यापर्यंत आणि वर सिंधुदुर्गातही त्याची घराणी सापडतात. विषय म्हणाल तर गणपती, दशावतार, रामायणातले प्रसंग. आणि त्यांच्याभोवती इथला निसर्ग: कमळे, वेली, मोर, पोपट, हत्ती. कारागिराने समोर जे पाहिले तेच देवाच्या भोवती मांडले. चवथीला आपण देवाच्या डोक्यावर माटोळी बांधतो, नारळ, सुपारीची शिपटी, चिबूड, तोरिंगे, रानातली कांगलां टांगतो, त्यामागचा विचार हाच आहे. वर्षभरात जे उगवले त्यात देव बसला पाहिजे.

आता या मातीचे दुसरे नाव पाहा. जुने लोक तिला हुरमुंजी म्हणतात. शब्द आला आहे होर्मूझवरून, इराणी आखातातल्या बेटावरून. तिथली तांबडी माती प्रसिद्ध आहे आणि जहाजांतून ती आपल्या किनाऱ्यावर येई. हे बेट १५१५ ते १६२२ पर्यंत पोर्तुगीजांच्याच ताब्यात होते. पुढे इथल्याच जांभ्या मातीलाही तेच नाव चिकटले. म्हणजे निळी फरशी परकी आणि तांबडी भिंत अस्सल, असा सरळ हिशेब मांडता येत नाही. समुद्रकाठच्या मुलखात सगळेच कधी ना कधी गलबतातून उतरलेले असते. पिढ्यान्‌पिढ्या ज्याला हात लागले, ज्याच्यापुढे दिवा लावला, ते आपले.

आणि इथेच आम्हाला आमची एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या गावच्या देवळाचा जीर्णोद्धार निघाला, तेव्हा मंडपाच्या कावीच्या भिंती पाडायचे ठरले. चुना फुगला होता, खाली ओल होती, सिमेंटचा मंडप मोठा आणि स्वच्छ होणार होता. आम्ही वर्गणी दिली. खुशीने दिली. दारातल्या संगमरवरी पाटीवर आमच्या घराण्याचे नाव आहे. भिंत पडली त्या दिवशी कुणालाही वाईट वाटले नाही. गुळगुळीत फरशी पाहून म्हाताऱ्यांनीसुद्धा समाधानाने मान हलवली होती.

काही वर्षांनी एक तरुण चित्रकार घरी आला. एका हॉटेलच्या दालनासाठी त्याला कावीचे काम करायचे होते, आणि आमच्या देवळातल्या मोराबद्दल त्याने कुणाकडून तरी ऐकले होते. मोर पाहायला मिळेल का, असे त्याने विचारले. आम्ही त्याला काय दाखवणार? शेवटी घरातले जुने आल्बम काढले. एका मुंजीच्या फोटोत, बटूच्या आणि भटजींच्या मागे, अर्धा मोर सापडला. उरलेला अर्धा एका काकांच्या खांद्याआड होता. चित्रकाराने त्या अर्ध्यावरून पूर्ण मोर काढला. आज हॉटेलात तो मोर आहे, ॲक्रिलिक रंगातला. आमच्या देवळात नाही.

हॉटेलने कला विकायला काढली, अशी तक्रार आपल्या बैठकांत पुष्कळदा ऐकू येते. आम्हाला ती अर्धीच पटते. भिंतीवरची कला कधीच फुकट झालेली नाही. देवळात महाजनांनी पैसे दिले, चर्चला पाद्र्यांनी, संस्थेला सरकारने. आज हॉटेल देते. पैसे देणारा बदलला म्हणून कला बाटत नाही. पण देवळात त्या भिंतीपुढे रोज माणसे येत, पोरे तिथेच खेळत, गणपती ओळखायला तिथेच शिकत. हॉटेलातल्या भिंतीपुढे पाहुणा तीन दिवस असतो. त्याला मोर दिसतो, त्यामागचे गाव दिसत नाही. आणि पुढच्या डागडुजीत ती भिंत गेली, तर विचारणारे कुणी नसते.

म्हणून दोन्ही बाजूंनी काही करता येईल. हॉटेलवाल्यांना आपण सांगू शकतो, आणि आपल्यातलेच पुष्कळजण त्या धंद्यात आहेत, की भिंतीखाली कलाकाराचे आणि गावाचे नाव लिहा. निदान एक भिंत खऱ्या चुन्याची आणि कावेची करून घ्या, म्हणजे काटा धरणारा हात तयार होईल. हे काम जाणणारी माणसे आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. गोवा कला महाविद्यालय १९७२पासून चालू आहे. मडगावचे लक्ष्मण पै, ज्यांनी गीतगोविंद, ऋतू आणि राग यांच्यावर चित्रमालिका केल्या, त्यांनी १९७७पासून दहा वर्षे त्याचे प्राचार्यपद सांभाळले. तिथून निघालेली मुले आहेत, त्यांना भिंत हवी आहे.

आणि आपण? घाई आहे ती आपल्यालाच. मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३मध्ये चालू झाला, आणि तो आहे पेडण्यात, नव्या काबिजादीत, कावीच्या मुलखात. हॉटेले आता तिकडे निघाली आहेत. जमिनींना भाव आला की देवस्थानांकडेही पैसा येतो, आणि पैसा आला की जीर्णोद्धार निघतो. ज्या गावात अजून जुनी भिंत उभी आहे, तिथल्या महाजनांनी कुदळ लावण्यापूर्वी एवढे करावे: प्रत्येक भिंतीचे पूर्ण फोटो घ्यावेत, पातळ कागद लावून रेषा उतरवून घ्याव्यात, आणि एखादी तरी भिंत जागेवर राखता येते का, हे जाणकाराला विचारावे. वर्गणी मागायला आलात तर फरशीपेक्षा यासाठी आम्ही आनंदाने देऊ.

गोव्यातल्या काही घरांत चवथीला मातीची मूर्ती नसते, कागदावरचे गणपतीचे चित्र पुजतात. इन्क्विझिशनच्या काळात मूर्ती आणणे जिवावरचे होते, म्हणून पूर्वजांनी देव कागदावर उतरवून लपवला, असे त्या घरांतली माणसे सांगतात. भय सरले तरी त्यांनी कागद टाकला नाही. संकटात देव रेषेत जपून ठेवणारी ही आपलीच माणसे. सुखाच्या दिवसांत त्याच रेषा आपल्या हातून पुसल्या जाऊ नयेत, एवढी बुद्धी गजाननाने आपल्या सर्वांना द्यावी.