पुढची ओढतात, मागची ढकलतात

गाडीवेड्या मित्रांची एक ठरलेली तक्रार असते. "आजकालच्या गाड्यांत मजा नाही राव, सगळ्या फ्रंट-व्हील!" मग कुणी बीएमडब्ल्यूचा दाखला देतो, कुणी कार्टूनमधल्या जुन्या टोयोटाचा, आणि ठराव पास होतो: मारुती-टाटांसारख्या सर्वसामान्यांच्या कंपन्यांनी रिअर-व्हील गाड्या जास्त काढायला हव्यात. मी मेकॅनिकलची डिग्री घेऊन जावा पाडणारा इसम (आमच्या बॅचमधले निम्मे असेच), त्यामुळे या विषयावर बोलायचा थोडाफार हक्क मला आहे असं मी समजतो. माझं मत सांगतोच, पण आधी जरा इतिहास.

एकेकाळी आपल्याकडे हा प्रश्नच नव्हता. अँबेसिडर असो की फियाट, दोन्ही रिअर-व्हील. पुढे उभं इंजिन, त्याच्या मागे गिअरबॉक्स, तिथून गाडीच्या पोटाखालून जाणारा लांबलचक प्रॉपेलर शाफ्ट आणि शेवटी मागच्या चाकांमध्ये डिफरन्शियल. मागच्या सीटवर मधे बसणाऱ्याच्या पायात जो उंचवटा यायचा ना, ती त्या शाफ्टची कृपा. पण मांडणी सोपी होती. पुढच्या चाकांनी वळायचं, मागच्यांनी ढकलायचं, एकमेकांच्या कामात लुडबूड नाही. आमच्या भाषेत, दोन वेगळी मॉड्यूल्स.

पुढच्याच चाकांनी वळायचं आणि ओढायचंही म्हटलं, की असा जॉइंट लागतो जो वाकलेला असतानाही एकसारख्या वेगाने फिरेल. सिट्रोएनने १९३४ मध्येच पुढून ओढणारी गाडी बाजारात आणली होती, पण खरा धक्का दिला तो १९५९ च्या मिनीने. १९५६ च्या सुएझ प्रकरणानंतर इंग्लंडात पेट्रोलचं रेशनिंग झालं आणि छोट्या गाडीची निकड भासली. ॲलेक इसिगोनिसने इंजिन आडवं टाकलं, गिअरबॉक्स त्याच्या खाली तेलाच्या टाकीत बसवला, आणि जेमतेम दहा फुटांच्या गाडीत चार माणसं बसवून दाखवली. शाफ्ट गेला, उंचवटा गेला. मात्र इंजिन आणि गिअरबॉक्सला तेल एकच. (एकाच सर्व्हरवर डेटाबेस आणि ॲप्लिकेशन चालवण्यासारखं. चालतं, पण नको.)

ही गाठ सोडवली फियाटच्या दान्ते जियाकोसाने. त्याने गिअरबॉक्स आडव्या इंजिनच्या शेजारी, त्याच रेषेत बसवला. त्यामुळे चाकांकडे जाणारे दोन शाफ्ट एक आखूड आणि एक लांब झाले, पण तेल वेगळं झालं आणि बांधणी सोपी झाली. फियाटला स्वतःच्या नावावर धोका पत्करायचा नव्हता, म्हणून १९६४ मध्ये ही रचना ऑटोबियांकी या छोट्या ब्रँडखाली 'प्रिमुला' नावाने उतरवली. चक्क बीटा टेस्टिंग! १९६९ मध्ये फियाट १२८ आली, १९७४ मध्ये फोक्सवॅगन गोल्फ, आणि आज रस्त्यावरची बहुतेक पेट्रोल हॅचबॅक त्याच मांडणीची आहे.

आता गंमत बघा. प्रिमुलाला इंजिन होतं फियाट ११०० डीचं, फक्त आडवं केलेलं. आणि ही ११०० डी त्याच १९६४ साली मुंबईत कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात बनायला लागली. तीच पुढे १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी. मूळ ११०० सुद्धा जियाकोसाचीच. म्हणजे तिकडे साहेब स्वतःच्याच जुन्या मांडणीला पेन्शनीत काढत होते आणि इकडे आपण तिचा श्रीगणेशा करत होतो! पुढे शतक संपेपर्यंत ती कुर्ल्यातून निघत राहिली, आणि काळी-पिवळी टॅक्सी म्हणून मुंबईत ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावली. लोक म्हणतात तेव्हा मागची चाकं होती म्हणून गाड्या दणकट होत्या. मला वाटतं, तेव्हा परमिट राज होतं म्हणून त्या इतकी वर्षं टिकल्या. गिऱ्हाइकाला दुसरा पर्याय कुठे होता?

तो मिळाला डिसेंबर १९८३ मध्ये. मारुती ८००: तीन सिलिंडर, ७९६ सीसी, पुढची चाकं ओढणारी. हलकी, आटोपशीर, तरी आत कुटुंब मावतं. यात कुणाला ड्रिफ्टिंग करायचं नव्हतं. स्कूटरवरून चौघं जाणारं घर पावसात कोरडं पोहोचत होतं, आणि शाफ्ट वाचल्याचा फायदा थेट त्यांच्या गुडघ्यांना आणि खिशाला मिळत होता. तक्रारखोर मित्र नेमकं हेच विसरतात.

पण मारुतीनेच दुसऱ्या वर्षी काय केलं? १९८४ ची व्हॅन, जी पुढे ओम्नी झाली. इंजिन तेच ७९६ सीसी, पण पुढच्या सीटखाली, आणि ताकद मागच्या चाकांना. कारण साधं आहे. व्हॅनमध्ये वजन मागे पडतं, आणि ज्या चाकांवर वजन त्यांची पकड. चढावर तर भार आणखीच मागे सरकतो. भरलेली फ्रंट-व्हील गाडी पावसाळ्यात घाटात मधेच थांबवून पुन्हा उचलून बघा, पुढची चाकं कशी जागच्या जागी फिरतात ते. म्हणूनच सुमो, बोलेरो, जुनी इनोव्हा या सगळ्या मागून ढकलणाऱ्या. २०२२ मध्ये इनोव्हा हायक्रॉस फ्रंट-व्हील झाली तेव्हा टूरवाल्यांची कुरकुर मी स्वतः ऐकली आहे, आणि ती निव्वळ हट्टाची नव्हती.

निव्वळ मजेसाठी म्हणाल तर हिशोब जमत नाही. १९८३ मध्ये टोयोटाने कोरोला फ्रंट-व्हील केली आणि फक्त कूपे जुन्या मांडणीवर ठेवली. तीच ती कार्टूनवाली. २०१२ मध्ये तिचा वारस '८६' काढायला टोयोटासारख्या बलाढ्य कंपनीलाही सुबारूची भागीदारी घ्यावी लागली. तेव्हा पेट्रोल हॅचबॅक मागून ढकलणारी करा असं मी कुठल्याच कंपनीला सांगणार नाही.

इलेक्ट्रिक गाडीत मात्र इसिगोनिसचा मुद्दाच उरत नाही. मोटर लहान, मागच्या ॲक्सलवरच बसते. शाफ्ट नाही, उंचवटा नाही. शिवाय मोटरचा जोर पहिल्या क्षणापासून मिळतो, तो पुढच्या चाकांवर आला की स्टिअरिंग हातात खेचतं. चाकणमध्ये बनणाऱ्या महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई (दोन्ही नोव्हेंबर २०२४) रिअर-व्हील आहेत. टाटाची हॅरिअर तर धडधडीत पुरावाच: २०१९ ची डिझेल पुढून ओढते, २०२५ ची इलेक्ट्रिक मागून ढकलते.

माझं भांडण आहे ते मारुतीशी. ई-विटारा पेट्रोल गाडीत बॅटरी कोंबून केलेली नाही, खास इलेक्ट्रिकसाठी बांधलेल्या प्लॅटफॉर्मवर आहे. तरीही मोटर पुढे! त्यांच्या बाजूने एक मुद्दा मी मान्य करतो. ब्रेक लावताना भार पुढे येतो, त्यामुळे पुढच्या चाकांकडून जास्त वीज परत मिळवता येते, आणि शहरातल्या ट्रॅफिकमध्ये त्याला किंमत आहे. पण पाच माणसं आणि भरलेली डिकी घेऊन पावसात घाट चढणाऱ्यालाही किंमत आहे, आणि १९८४ मध्ये याच कंपनीला हे बरोबर कळलं होतं.