भीमाकाठचा जयस्तंभ: विजय कंपनीचा, नावं कुणाची?

युद्धस्मारक म्हटलं की डोळ्यांसमोर काहीतरी अवाढव्य येतं. रशियातल्या व्होल्गोग्राडला, म्हणजे जुन्या स्टालिनग्राडला, टेकडीवर हातात तलवार घेतलेल्या मातृभूमीचा 85 मीटर उंच पुतळा आहे. त्यापुढे आपल्या भीमेकाठचा 65 फुटांचा दगडी स्तंभ अगदीच लहान. शिरूरहून पुण्याला जाताना कोरेगाव भीमा मागे टाकून पूल ओलांडला, की पेरणे गावच्या हद्दीत तो दिसतो. कुणी जयस्तंभ म्हणतं, कुणी विजयस्तंभ, कुणी रणस्तंभ. उंचीने लहान, पण 1 जानेवारीला लाखो माणसं तिथे येतात. का येतात, ते आज बघू.

गोष्ट सुरू होते शिरूरमधून. तेव्हा घोडनदीकाठी ईस्ट इंडिया कंपनीची छावणी होती. 31 डिसेंबर 1817 च्या रात्री कॅप्टन स्टॉन्टन तिथून पुण्याच्या मदतीला निघाला. सोबत साधारण 800 माणसं: मुंबई फौजेचे पायदळ शिपाई, थोडे घोडेस्वार आणि दोन तोफा. रात्रभर चालून सकाळी कोरेगावजवळ पोचले, तर समोर दुसऱ्या बाजीरावाची फौज. इंग्रजांच्या अंदाजाने ती 28,000 च्या आसपास होती. प्रत्यक्ष गावात घुसून लढले ते त्यातले काही हजारच, अरब, गोसावी आणि मराठे.

दिवसभर गल्लीबोळांत लढाई चालली. नदी डोळ्यांसमोर आणि शिपायांना प्यायला पाणी नाही! रात्री पेशव्यांची फौज मागे हटली. कंपनीची 275 माणसं मेली, जखमी झाली किंवा बेपत्ता झाली. स्टॉन्टनही पुण्याला पोचलाच नाही, तो शिरूरलाच परत फिरला.

आता एक गैरसमज दूर करू. 'त्या दिवशी पेशवाई संपली' असं सर्रास सांगितलं जातं. पण पुणे त्याआधीच, नोव्हेंबर 1817 मध्ये, इंग्रजांच्या ताब्यात गेलं होतं. आणि बाजीराव शरण आला जून 1818 मध्ये. कोरेगाव ही मधली एक लढाई. पण कंपनीला तिचा फार अभिमान, म्हणून 1821 मध्ये स्तंभाची पायाभरणी झाली. मजकूर इंग्रजीत आणि मराठीतही कोरला. थोडक्यात, हे जिंकणाऱ्याने स्वतःचं केलेलं कौतुक होतं.

पण स्तंभावर आणखी काहीतरी कोरलेलं होतं. मेलेल्या शिपायांची नावं. 49 नावांपैकी 22 नावांच्या शेवटी 'नाक' येतं. त्या काळी महार समाजातल्या नावांची ही ओळख. बाकीच्यांत मराठे आहेत, राजपूत आहेत, मुसलमान आहेत. म्हणजे ही लढाई एका जातीची दुसऱ्या जातीशी, इतकी सरळ नव्हती. दोन्हीकडे पगारी शिपाई होते. पण ज्यांची सावलीही गावाला चालत नव्हती, त्यांची नावं इतरांच्या शेजारी, एकाच दगडावर आली. ही साधी गोष्ट नाही.

पुढचा भाग तर शाळेतही कुणी सांगत नाही. 1890 च्या दशकात इंग्रजांनी 'लढाऊ जाती' ठरवल्या आणि महारांची सैन्यभरती बंद केली. ज्यांनी स्तंभ बांधला, तेच म्हणायला लागले की तुम्ही लढवय्ये नाही! मग शिवराम जानबा कांबळे यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी अर्ज केले आणि स्तंभापाशी सभा घेतल्या. सरकारचाच दगड सरकारपुढे पुरावा म्हणून उभा केला.

1 जानेवारी 1927 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथे आले. ते स्वतः सुभेदाराचे चिरंजीव. त्यानंतर अडीच-पावणेतीन महिन्यांत, 20 मार्चला, महाडला चवदार तळ्याचं पाणी प्यायले. 1941 मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली, तेव्हा तिच्या बिल्ल्यावर हाच स्तंभ होता. स्वातंत्र्यानंतर तो बिल्ल्यावरून गेला, पण लोकांच्या मनातून गेला नाही.

मग प्रश्न येतो, इंग्रजांच्या विजयाला नमस्कार कशाला? खरं तर तिथे येणारा माणूस स्टॉन्टनसाठी येत नाही. तो त्या नावांसाठी येतो. दुसरी बाजूही लक्षात ठेवू. पेशव्यांकडून मेलेल्या शिपायांची नावं कोरलेला असा स्तंभ कुणी उभारला नाही. तीही कुणाच्या तरी घरची माणसं होती.

2018 ला, लढाईच्या 200 व्या वर्षी, याच परिसरात हिंसाचार झाला, एका तरुणाचा जीव गेला. व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळींत आलेला इतिहास किती महाग पडतो, ते आपल्या तालुक्याने पाहिलंय. म्हणून सांगतो, शिरूरचे असा की खाली त्याच भीमेकाठी दौंडचे, पुण्याला जाता-येता पंधरा मिनिटं थांबा. सेल्फी जरूर काढा, पण आधी नावं वाचा. सगळी वाचा.

भेटू पुढच्या भागात!