नवा बाइकस्वार: चावी देण्याआधी पालकांनी काय पाहावे?

दहावी-बारावी झाली की घराघरांत बाइकचा हट्ट सुरू होतो. आम्ही पालकांना सांगतो, आधी हे पाहा.

लायसन्स: गिअरच्या बाइकसाठी वय 18 पूर्ण हवे. लर्निंग लायसन्स 6 महिने चालते. 30 दिवसांनंतर पक्क्या लायसन्सची टेस्ट देता येते. अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडल्यास पालक किंवा गाडीमालकाला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड होऊ शकतो.

हेल्मेट: आयएसआय शिक्का आणि आयएस 4151 हा क्रमांक पाहा. ते घट्ट बसावे, पट्टा लावलेला असावा. नमाजची टोपी खिशात ठेवा, हेल्मेटखाली नको. जोरात आपटलेले हेल्मेट बदला. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट हवेच.

कपडे: बंद बूट, जाड पँट. बुरखा, ओढणी चाकात अडकते. मागे साडी गार्ड लावा आणि पदर सावरून बसा.

सराव: आधी मोकळ्या मैदानात. दोन्ही ब्रेक एकत्र, हळूहळू दाबायला शिकवा. वळणावर पुढचा ब्रेक एकदम दाबू नये.

रमजानमध्ये इफ्तारच्या घाईत वेग वाढतो. खिशात खजूर ठेवा, वेळ झाली तर गाडी बाजूला घेऊन रोजा सोडा. जान ही अल्लाहची अमानत आहे.