चरक्याच्या रात्री

खानदेशातल्या जुन्या घरांत केळ लावायची ती न्हाणीच्या मागे. सांडपाणी आयतं मिळे आणि घराची भिंत वारा अडवी. हा मुलूख मे महिन्यात पंचेचाळीस अंशांपर्यंत तापतो, आणि पौष-माघात दहाच्याही खाली उतरतो.

परसातल्या केळीला भिंत पुरली. रावेर, यावल, चोपडा आणि धुळ्याच्या शिरपूरकडे तापीकाठी बागाच्या बागा उभ्या राहिल्या, तेव्हा भिंतीचं काम शेवरी आणि गजराज गवताकडे आलं.

केळ मूळची उष्ण, दमट रानातली. पारा दहाच्या खाली गेला की तिची वाढ जवळजवळ थांबते. पानं पिवळी पडतात, निसवण लांबते, कधी घड खोडातच अडकतो. सालीखाली तपकिरी रेषा उमटतात आणि पिकल्यावरही फळ मळकटच दिसतं. शेतकरी एवढंच म्हणतो, ‘चरका बसला.’

मग रात्री जागायच्या. बांधावर पालापाचोळ्याचे ढीग पेटवायचे. जाळ नको, धूर हवा. जमिनीची ऊब बागेत कोंडून राहावी हा हिशेब. वारा सुटला की धूर शेजाऱ्याच्या बागेत! खरी भिस्त पाण्यावर. विहिरीचं पाणी थंडीत कोमट असतं, म्हणून ते रात्री द्यायचं. शेतीची वीज अनेकदा रात्रीचीच. एरवी तिला शिव्या बसायच्या, या दिवसांत ती सोयीची वाटे. बुंध्याशी निंबोळी पेंड पडे आणि घडाला केळीच्याच वाळल्या पानांचं पांघरूण मिळे.

पुढे बसराई वाणाच्या जोडीला ऊतिसंवर्धित ग्रँड नैन आली, भवरलाल जैन यांच्या कंपनीचं ठिबक आलं. पानांच्या पांघरुणाची जागा स्कर्टिंग बॅगेने घेतली. शेवरी मात्र अजून बांधावर आहे.

2016 मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं. फळपीक विम्याची पुनर्रचित योजनाही त्याच वर्षीची. तिच्यात थंडीची भरपाई ठरते ती महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या नोंदीवर: किमान तापमान सलग 3 दिवस 8 अंश किंवा त्याखाली. पण थंड हवा जड, ती सखल भागात साचते. नाल्याकाठची बाग करपते आणि उंचावरच्या केंद्रात पारा साडेआठवर थांबलेला असतो.