काठी, कडी आणि दोरा

काठीला दोरा गुंडाळणे ह्या गोष्टीलाही इतिहास असतो, हे आमच्या घरात कोणी मानायला तयार नाही. पानिपतला इतिहास असतो, रायगडाला असतो, फार तर आमच्या चाळीच्या नळाला असतो. पण गळाच्या काठीवर बारीक तारेच्या कड्या असतात आणि त्या दोऱ्याने बांधलेल्या असतात, ह्याला कसला आलाय इतिहास? मी म्हणतो, आहे! आणि तो पानिपतपेक्षा बरा, कारण त्यात फक्त मासे मरतात.

मुळात कडी ही भानगडच नव्हती. आयझॅक वॉल्टन नावाच्या इंग्रज गृहस्थाने 1653 साली मासे गरवण्यावर एक पुस्तक लिहिले. ते अजून छापले जाते. त्याच्या काळी घोड्याच्या शेपटीच्या केसांची दोरी थेट काठीच्या टोकाला बांधत. मासा दांडगा निघाला तर? वॉल्टनसाहेबांचा उपाय साधा : काठीच पाण्यात टाकून द्यायची. मासा ती ओढून ओढून दमला की आपण सावकाश जाऊन उचलायची! सामन माशासाठी मात्र काही लोक टोकाला तारेची कडी आणि हाताशी चाक लावतात, असे तो लिहितो. ते चाक कसे असते? ते शब्दांत सांगण्यापेक्षा प्रत्यक्षच बघावे, असे म्हणून साहेब मोकळे. शाळेत आम्ही भूमितीच्या पेपरात हेच लिहिले असते तर शून्य मिळाले असते.

पुढे चाक सगळ्यांकडे आले आणि लांब दोरी काठीच्या अंगाअंगाने न्यायची वेळ आली. नुसती टोकालाच कडी असली तर काठी वाकताच दोरी धनुष्यासारखी ताणते आणि सगळा भार टोकावर येतो. कड्या अनेक असल्या की भार काठीभर वाटला जातो. म्हणून त्या टोकाकडे जवळजवळ आणि मुठीकडे लांबलांब.

पण बसवायच्या कशा? खिळा मारावा, तर भोक पडेल तिथेच काठी मोडणार. राहता राहिला दोरा. कडीच्या दोन्ही पायांची टोके कानशीने घासून पातळ करायची, म्हणजे दोरा अडखळत नाही. दोऱ्याचे टोक पहिल्या चार-पाच वेढ्यांखालीच दडपायचे आणि वेढ्याला वेढा भिडवत जायचे. शेवटचे सात-आठ वेढे उरले की दुसऱ्या दोऱ्याचा फास आडवा ठेवून त्यावरून वेढे पुरे करायचे. उरलेले टोक फासात ओवून फास ओढला की टोक गुपचूप वेढ्यांखाली गडप! गाठ कुठेच नाही. वर व्हार्निशचे हात.

पवईला सुट्टीचे रविवार काढणाऱ्या माझ्या एका स्नेह्याने सुटलेली कडी काळ्या चिकटपट्टीने बसवली होती. पहिल्याच झटक्याला ती मुठीपर्यंत घसरत आली. "वहिनी, जरा दोरा द्या," म्हणत ते आमच्याकडे आले आणि तासभर झगडले. शेवटी सौ.ने काठी त्यांच्या हातातून घेतली आणि पाच मिनिटांत काम संपवले. "ज्याला पायजम्यात नाडी ओवता येते, त्याला हे काय कठीण?" ती म्हणाली. आम्ही दोघेही गप्प. नाड्या आमच्याही तीच ओवते.

ह्या इतिहासात आपलाही वाटा आहे बरे का! 1840 च्या दशकात अमेरिकेत सॅम्युएल फिलिप नावाच्या बंदुका घडवणाऱ्या माणसाने बांबू चिरून, पट्ट्या चिकटवून काठ्या केल्या. पुढे हायरम लिओनर्डने सहा पट्ट्यांची काठी नावारूपाला आणली. सुरुवातीला तो बांबू जाई हिंदुस्थानातून, 'कलकत्ता' ह्या नावाने. नंतर चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातला आला. त्याला नाव मिळाले व्हिएतनाममधल्या टोंकिनचे. नाव ठेवण्यात साहेबाचा हात कोण धरणार? पट्ट्या जोडणारा सरस मात्र ओलाव्याने सुटे. मासे पाण्यात राहत असल्याने हा दोष तसा गंभीरच. म्हणून कड्यांच्या मधेमधेही रेशमाचे वेढे घालत. विसाव्या शतकात पक्के सरस निघाले आणि ह्या मधल्या वेढ्यांची नोकरी गेली. तरी शोभेसाठी काही कारागीर ते घालतच राहिले, कोटाच्या बाहीवरच्या बटणांसारखे.

त्यानंतर काचतंतूंच्या काठ्या आल्या. 1960 च्या दशकात इंग्लंडात फार्नबरोच्या विमान-संशोधन संस्थेत कार्बनचा बळकट धागा तयार झाला आणि पुढच्याच दशकात त्याच्याही काठ्या झाल्या. विमानाचा माल वापरला, पण कडी बांधायला अजून दोराच! रेशमाऐवजी नायलॉन, व्हार्निशऐवजी इपॉक्सी. ते सुकताना एका बाजूला ओघळू नये म्हणून छोटी मोटर काठीला सावकाश फिरवत बसते, एवढीच काय ती प्रगती.

लिओनर्डचे नाव त्याच्या काठीवर ठसवलेले असे. काठ्यांच्या मोठ्या कारखान्यांत वेढे घालायला मात्र बहुधा बायका बसत. वेढा सैल पडला तर मासा गेला आणि मालकाची अब्रूही गेली, म्हणून त्या दिवसभर डोळ्यांत तेल घालून दोरा ताणून धरीत. त्यांची नावे काठीवर कोणी ठसवली नाहीत. मात्र त्यांतल्या कित्येकींनी गुंडाळलेला दोरा शंभर वर्षांनंतरही सुटलेला नाही.