ताळा न पाहिलेलें गणित

गणित सोडविल्यावर त्याचा ताळा पाहावा, ही शिकवण आपल्या शाळांतून फार जुनी आहे. उत्तर बरोबर वाटलें म्हणून तें बरोबर ठरत नाहीं. निराळ्या वाटेनें जाऊन तेंच उत्तर हातीं आलें म्हणजे मन निश्चिंत होतें. शास्त्रांतहि हाच नियम आहे. एकानें केलेला प्रयोग दुसऱ्यानें दुसऱ्या ठिकाणीं पुन्हां करून पाहावा, हवें तर त्यांतील एखादीच बाब मुद्दाम बदलावी, आणि मग निष्कर्ष टिकतो कीं नाहीं तें ठरवावें. परंतु मुलें भाषा कशी शिकतात व त्यांना ती कशी शिकवावी, या विषयाच्या शास्त्रांत ताळा पाहणारे फार थोडे निघाले. त्याचा परिणाम काय झाला, हें आज एका प्रश्नाच्या इतिहासावरून श्रोत्यांपुढें मांडावयाचें आहे. लहानपणापासून दोन भाषा बोलणाऱ्या मुलाची बुद्धि त्यामुळें मंदावते कीं वाढते, हा तो प्रश्न होय.

इंग्लंडच्या पश्चिमेस वेल्स हा डोंगराळ प्रदेश आहे. तेथील वेल्श भाषा इंग्रजीहून अगदीं निराळी. १८४७ सालच्या सरकारी चौकशीच्या अहवालानें तेथील लोकांच्या मागासलेपणाचें खापर बऱ्याच अंशीं त्यांच्या भाषेवर फोडलें. त्या शतकांत तेथील कित्येक शाळांतून वेल्श बोलतांना सांपडलेल्या मुलाच्या गळ्यांत लाकडाचा एक तुकडा अडकवीत. दुसरा कोणी सांपडला म्हणजे तो त्याच्याकडे जाई, आणि शेवटीं ज्याच्याजवळ तो राही त्याला शिक्षा होई.

अशा प्रदेशांत डी. जे. सेअर यांनीं सात ते चौदा वर्षांच्या सुमारें १४०० मुलांची बुद्धिमापन-कसोटी घेतली व १९२३ सालीं तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. खेड्यांतील द्विभाषिक मुलें एकभाषिक मुलांच्या मागें पडलीं. शहरांतील मुलांत मात्र तसा फरक दिसला नाहीं. वास्तविक या दुसऱ्या गोष्टीनेंच विचारी माणसास थांबवावयास हवें होतें. दोष दोन भाषांचा असता तर शहरांत तो कोठें गेला? परंतु लोकांच्या ध्यानांत राहिली ती पहिलीच गोष्ट.

अमेरिकेंत तर याहून कठोर निवाडा झाला. परदेशांतून येऊन तेथें वसलेल्या ज्या समाजांत घरीं स्वभाषाच अधिक बोलली जाई, त्यांतील मुलांचे बुद्ध्यंक सरासरीनें कमी येतात, असें फ्लॉरेन्स गुडइनफ या विदुषींना १९२६ सालीं आढळलें. असे समाज मुळांतच कमी बुद्धीचे असल्यामुळें नवी भाषा शिकत नाहींत, हाच अर्थ त्यांना अधिक संभवनीय वाटला. त्या घरांतील दारिद्र्य, परक्या भाषेंतील परीक्षा, यांचा हिशेब बाजूस राहिला. हे निष्कर्ष पुस्तकांत पडून राहणारे नव्हते. मुलाशीं कोणत्या भाषेंत बोलावें, हा प्रत्येक आईच्या ओठांवरचा प्रश्न आहे.

ताळा पाहिला गेला तो पुढें बऱ्याच वर्षांनीं, आणि तोहि वेल्समध्येंच. डब्ल्यू. आर. जोन्स यांनीं आईबापांचा व्यवसाय जमेस धरून हा प्रश्न पुन्हां तपासला. सारख्या परिस्थितींतील मुलांची परस्परांशीं तुलना केली असतां पूर्वीचा फरक उरत नाहीं, असें त्यांच्या १९५९ सालच्या ग्रंथानें दाखविलें. जें भाषेच्या नांवावर मांडलें होतें, तें परिस्थितीच्या खात्यांतलें होतें.

१९६२ सालीं पारडें उलट बाजूस झुकलें. कॅनडांतील मॉन्ट्रियल शहरीं एलिझाबेथ पील व वॉलेस लॅम्बर्ट यांनीं सहा फ्रेंच शाळांतील दहा वर्षांचीं मुलें तपासलीं. आर्थिक परिस्थिति सारखी राखूनहि द्विभाषिक मुलें सरस ठरलीं! परंतु दोन्ही भाषांवर जवळजवळ सारखें प्रभुत्व असलेलीं मुलेंच त्यांनीं द्विभाषिक म्हणून घेतलीं होतीं. अधलींमधलीं वगळलीं होतीं. मग दोन भाषांमुळें मुलें हुशार झालीं, कीं हुशार होतीं म्हणून दोन भाषा शिकलीं, हें कसें सांगावें?

पुढें एलन बियालिस्टोक व त्यांचे सहकारी यांनीं २००४ सालीं आणखी एक निष्कर्ष मांडला : दोन भाषा वापरणाऱ्याचें मन लक्ष वळविण्यांत व आवरण्यांत अधिक तरबेज असतें, आणि हा लाभ उतारवयांतहि टिकतो. त्यांच्या पहिल्या प्रयोगांत अवघीं ४० माणसें होतीं. एकभाषिक कॅनडांतील, तर द्विभाषिक आपल्या भारतांतील तमिळ-इंग्रजी बोलणारीं. दोन गटांत भाषेखेरीज आणखी किती अंतर असेल, हें सुज्ञांस सांगणें नकोच. वर्तमानपत्रांनीं या शोधांचा मोठा गाजावाजा केला. मग ताळा सुरू झाला. २०१३ सालीं पाप व ग्रीनबर्ग यांना असा सुसंगत पुरावा मिळाला नाहीं. २०१९ सालीं अमेरिकेंतील नऊ-दहा वर्षांच्या ४५२४ मुलांच्या तपासणींतहि तो लाभ दिसला नाहीं.

इतकीं वर्षें हें कां कळलें नाहीं? याचें एक उत्तर २०१५ सालीं मिळालें. अँजेला द ब्रुइन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं परिषदांत सादर झालेल्या १०४ निबंधसारांचा पुढें माग काढला. लाभाला पुष्टि देणाऱ्यांपैकीं शेंकडा ६८ नियतकालिकांत छापले गेले; विरुद्ध जाणाऱ्यांपैकीं शेंकडा २९ च. सोयीचें उत्तर छापलें जातें. गैरसोयीचें टेबलाच्या खणांत राहतें. २०१८ सालीं एमा मार्स्डेन यांच्या मंडळीनें द्वितीय भाषेच्या अध्ययनावरील संशोधन चाळलें, तेव्हां स्वतःला फेरप्रयोग म्हणविणारे अवघे ६७ प्रयोग सांपडले; म्हणजे सुमारें ४०० लेखांत एक. कारण उघड आहे. नवें सांगणाऱ्यास कीर्ति मिळते; पडताळून पाहणाऱ्यास लोक विचारतात, यांत तुमचें असें काय आहे?

मात्र ताळ्यानें प्रत्येक उत्तर चुकतेंच असें नाहीं. १९६५ सालीं मॉन्ट्रियलजवळच्या सेंट लॅम्बर्ट गांवीं इंग्रजी घरांतील मुलांना आरंभापासून फ्रेंचमधून शिकविण्याचा प्रयोग झाला. मुलांचें इंग्रजी त्यामुळें कायमचें मागें पडलें नाहीं. तोच प्रयोग कॅनडांत इतरत्र झाला, तेथेंहि असेंच आढळलें. म्हणूनच त्यावर विसंबतां येतें.

आपल्याकडे सोलापुरासारख्या शहरांत घरीं तेलुगू किंवा कानडी व शाळेंत मराठी बोलणारीं मुलें पिढ्यान्‌पिढ्या आहेत. अशा मुलांच्या आईबापांना कोणी शास्त्राच्या नांवानें भीति घातली, किंवा दोन भाषांनीं मूल विलक्षण बुद्धिमान होईल अशी आशा दाखविली, तर त्यांनीं एवढेंच विचारावें : हा प्रयोग पुन्हां कोणी करून पाहिला काय? तोंवर घरांतली भाषा मुलाशीं खुशाल बोलावी. आजीशीं बोलतां यावें, एवढें कारण त्यास पुरेसें आहे.