योगाभ्यास आणि स्त्रियांची श्वसनक्षमता

आसने व प्राणायाम यांच्या श्वसनक्रियेवरील परिणामांचे शास्त्रीय मापन विसाव्या शतकात सुरू झाले. ते प्रारंभी मुख्यतः पुरुषांवर झाले. त्याच काळात योगाभ्यास मात्र स्त्रियांतही पसरू लागला होता.

श्वसनमापनाचा पाया जॉन हचिन्सन या इंग्रज शल्यवैद्याने घातला. श्वसनमापकाने घेतलेली दोन हजारांहून अधिक व्यक्तींची मोजमापे त्याने १८४६ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांत नाविक, सैनिक, पोलीस इ. पुरुषांचाच भरणा होता. खोल श्वास घेऊन जास्तीत जास्त जेवढी हवा बाहेर सोडता येते, तिच्या आकारमानास जैव धारिता म्हणतात. समान वयाच्या व उंचीच्या पुरुषांपेक्षा स्त्रियांत ती कमी असते. गर्भारपणात मध्यपटल वर ढकलले जाते व प्रोजेस्टेरॉन या हॉर्मोनामुळे श्वसन वाढते. त्यामुळे पुरुषांवरील निष्कर्ष स्त्रियांना जसेच्या तसे लागू करता येत नाहीत.

स्वामी कुवलयानंद (१८८३–१९६६) यांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम ही संस्था स्थापून योगमीमांसा हे नियतकालिक काढले व यौगिक क्रियांचा प्रयोगशाळेत अभ्यास आरंभिला. प्राणायामाचे महत्त्व अधिक ऑक्सिजन मिळण्यात नाही, असे त्यांचे मत होते. त्यांच्याकडे शिकलेले येल विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ कोवूर बेहनन यांना प्राणायामाच्या वेळी ऑक्सिजनाचा वापर सु. १२ ते २५ टक्क्यांनी वाढल्याचे आढळले (१९३७). तथापि ही मोजमापे त्यांच्या स्वतःच्याच शरीराची, म्हणजे एकाच पुरुषाची होती.

स्त्रियांसाठी स्वतंत्र विचार प्रथम अध्यापनातून झाला. मुंबईच्या योग इन्स्टिट्यूटमधील सीतादेवी योगेंद्र यांचे स्त्रियांच्या यौगिक व्यायामावरील इंग्रजी पुस्तक १९३४ मध्ये प्रसिद्ध झाले. पुण्याच्या गीता अय्यंगार (१९४४–२०१८) यांनी मासिक पाळी, गर्भारपण इ. अवस्थांनुसार अभ्यासक्रमात करावयाचे बदल ग्रंथरूपाने मांडले.

पुढे झालेल्या अनेक प्रयोगांत नियमित अभ्यासाने विश्रांतीतील श्वसनाचा वेग मंदावल्याचे, श्वास रोखण्याचा अवधी व काही अंशी जैव धारिता वाढल्याचे आढळले. मध्यपटल, बरगड्यांमधील व उदराचे स्नायू बलवान व सुसंघटित होणे, हे त्याचे संभाव्य कारण होय. त्यावरून प्रौढ स्त्रीच्या फुप्फुसांची मूळ रचना बदलली, असा अर्थ काढता येत नाही. यांतील बरेच प्रयोग लहान होते व अनेकांत तुलनेसाठी नियंत्रित गट नव्हता. दम्यावरील १५ चाचण्यांच्या २०१६ मधील कॉक्रेन समीक्षेत लक्षणे व जीवनमान यांत अल्प सुधारणा दिसली. फुप्फुसांच्या कार्याविषयीचे निष्कर्ष मात्र विसंगत होते.

चुलीच्या धुराने धूम्रपान न करणाऱ्या स्त्रियांनाही श्वासमार्गाचा दीर्घकालीन रोध जडतो. अशा स्त्रीला प्राणायामाने श्वसनावर अधिक ताबा मिळू शकेल. परंतु निर्धूर इंधन व वैद्यकीय उपचार यांची जागा तो घेऊ शकत नाही.